तीन ओळींचं पत्र

काल दुपारी मी तीन वाक्यं लिहिली. ‘तुम्हाला ४५० जीएसएमऐवजी ४०० जीएसएमचे टॉवेल गेले. चूक आमची. बदली ४० डझन शुक्रवारी निघतील.’ जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागं कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. साहित्याशी संबंध डिलिव्हरी चलनापुरता. तरी दोनदा वाचून स्वतःवरच खूश झालो.

तेवढ्यात मालकांचे काका आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. शेंगाचटणीचं बोट चाटत स्क्रीनवर वाकले.

“का बे, शब्दाला पैसे लागतेत का? तार आहे का ही?”

तार २०१३ सालीच बंद झाली, हे मी गिळलं. शब्दामागं पैसे पडायचे तेव्हा ‘उपरोक्त’ लिहायची कुणाची छाती नव्हती. आपला पत्रव्यवहार नासला तो शब्द फुकट झाल्यावर, असं माझं ठाम मत आहे.

“आणि ‘चूक आमची’? पंचायत बसलीय का? लिही, ‘वजनात किंचित तफावत निदर्शनास आली आहे.’”

“किंचित कुठं, अण्णा? ३० बाय ६० इंची टॉवेल. नगामागं जवळजवळ ६० ग्रॅम कमी. त्यांनी काट्यावर ठेवून फोटो पाठवलाय.”

“मग ‘किंचितशी’ लिही.”

“पण निदर्शनास कुणाच्या आली?”

“आली. आपोआप. आणि तो शुक्रवार काढ आधी. वार लिहिला की माणूस त्या वारी फोन करतोय. ‘लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ बघ, कसं भरल्यासारखं वाटतंय!”

भरलं खरं. पानभर. विषयाच्या ओळीत ‘पत्र’, खाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, आणि तळाशी नाव माझं.

आज सकाळी गिऱ्हाइकाचा फोन थेट मालकांना. “माल तुम्ही पाठवणार, की आम्ही काही करायचंय?” मालकांनी सगळ्यांसमोर मला सुनावलं, “जरा सोपं लिहायला शिका. शिकलेल्या पोरांना साधं पत्र येत नाही!” अण्णा शेजारीच बसलेले, छताकडं बघत. चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही त्यांनी. मूळचा मसुदा अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. दाखवणार कुणाला? काका मालकांचे.

जेवणाच्या सुट्टीत अण्णांनी चटणी पुढं सरकवली.

“बघितलास? दहाच्या आत उत्तर आलं. तुझ्या तीन ओळींना कुणी फोन तरी केला असता का?”