गंमत

श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू काढतात. पाळण्यातलं पोरगंही त्यात धरतात. आई एकेकाचं नाव घेत मूठ टाकते आणि माझ्या धाकट्या भावाच्या पोराचं नाव आलं की तिची मूठ जरा जास्तच भरते. ते नाव इथं लिहीत नाही. 15 वर्षांचा आहे, चांगलं वाचतो, उद्या फेसबुकवरही येईल.

त्याला ऑटिझम आहे, म्हणजे बोलण्याची, वागण्याची घडणच जन्मापासून वेगळी. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलतो, बैलांशीसुद्धा. हा मात्र टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलतो. पाच वर्षांचा होईपर्यंत तोंडातून शब्द नव्हता. गाव म्हणायचं, बोलेल उशिरा, त्याचा आजाही उशिराच बोलला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणणं याला एकोलॅलिया म्हणतात, आणि ती नुसती पोपटपंची नसते. 'आता पाहूया सविस्तर वृत्त' म्हणजे भूक लागलीय, वाढा. 'वळूया पुढील बातमीकडे' म्हणजे इथून मला घेऊन चला, सहन होत नाही. त्याच्या आईला ही सगळी भाषा पाठ आहे. आम्हाला फक्त हसू यायचं.

गावात त्याचं नाव पडलं साहेब. ओट्यावरून जाताना कुणीतरी हमखास हाक मारणार, 'साहेब, बातम्या लावा!' मग हा बातम्या सांगणार आणि ओटा हसणार. पाहुणे आले की मीही त्याला पुढं करायचो. वाटायचं, पोराचं कौतुक होतंय.

गेल्या श्रावणात, कानबाई बसली त्या रविवारी रात्री, तो बाहेरून आला आणि सरळ माझ्या आईसमोर उभा राहून एक शिवी म्हणाला. आईवरून. बातम्यांच्या त्याच स्वच्छ आवाजात, एकेक अक्षर तोलून. देवीसमोर बायका बसलेल्या. मी उठलो आणि त्याच्या कानाखाली मारली. तो रडला नाही. गालावर हात ठेवून हळूच म्हणाला, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व.'

दुसऱ्या दिवशी विसर्जनाहून आल्यावर भावकीतल्या एकाचं व्हाट्सअॅप स्टेटस दिसलं. मारुतीच्या पाराजवळ सहा-सात पोरं, मधे हा. एकजण शिवी सांगतो, हा परत म्हणतो, सगळे खिदळतात. 'आते आजीले जाईसन सांग.' मोबाइल धरणाऱ्याचं हसणं मी ओळखलं. तो माझा मुलगा होता.

घरी त्याला धरलं. म्हणाला, 'पप्पा, गंमत करत होतो. तुम्हीपण त्याच्याकडून बातम्या म्हणवून घेता ना.'

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. डॉक्टरांचा शब्द असेल, पण मला तो फसवा वाटतो. हा पोरगा कसला स्वतःत मग्न? पारावर कोण कुठं बसलंय, कुणाची गाडी बिघडलीय, त्याला आपल्या आधी माहीत. उलट आवाज, उजेड, गर्दी त्याला आपल्यापेक्षा जास्त बोचते. डीजे वाजला की तो कान दाबून खाली बसतो, आणि पोरं मुद्दाम गाणं वाढवतात. तीही गंमत.

त्याच्या आईचं तर विचारूच नका. 'हातात मोबाइल दिला म्हणून असा झाला,' हे तिला लग्नकार्यात तोंडावर सांगणाऱ्या बाया मी पाहिल्यात. अहो, अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरनं अशा 11 मुलांवर पहिला निबंध लिहिला तो 1943 साली. तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल होता? गंमत अशी की पुढं तिकडच्या काही डॉक्टरांनीही वर्षानुवर्षं आयांनाच दोष दिला. ते खोटं ठरलं, पण आपल्याकडे अजून चालू आहे.

शाळेचा अनुभव लांबवत नाही. तक्रार केली की 'पोरं आहेत, मस्ती करणारच' हे ठरलेलं उत्तर. काय झालं असं याला विचारलं तर हा तोच प्रश्न परत म्हणतो. त्याच्या आईला कळलं ते वहीतून. मागच्या पानांवर तो रोज बातम्या लिहितो. 'मधल्या सुट्टीत डबा फेकण्यात आला.' 'एका विद्यार्थ्यास शौचालयात कोंडण्यात आले.' कुणी फेकला, कुणी कोंडलं, ते बातमीत नाही. नंतर आलेल्या एका बाईंनी एवढंच केलं की मधल्या सुट्टीत वर्गातली दोन पोरं त्याच्यासोबत नेमून दिली, कारण मार पडतो तो मधल्या सुट्टीतच. तेव्हापासून डब्याची बातमी आलेली नाही.

आता कायद्याचं. 1995 च्या अपंग कायद्यात 7 प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि ऑटिझम आहे. त्यातलं 92 वं कलम सांगतं की दिव्यांग माणसाचा चारचौघांत जाणूनबुजून पाणउतारा केला तर किमान 6 महिने ते 5 वर्षं कैद, वर दंड. हे मी त्या सहा-सात पोरांना बसवून वाचून दाखवलं, सगळी गार पडली. पण खरं सांगायचं तर मी पोलिसात गेलो नाही. त्यात माझा मुलगा नसता तर गेलो असतो का, हे माझं मलाच विचारतोय.

मुलाला मी मारलं नाही. त्या दिवशी एकाला मारून झालं होतं. पुतण्याची माफी मागितली, तेव्हा तो माझ्याकडे न बघता 'वळूया पुढील बातमीकडे' म्हणाला. मी बाजूला झालो. हल्ली पाहुणे आले तर आम्ही बातम्या लावायला सांगत नाही. त्याला वाटलं तर तो आपणहून सांगतो, आणि आम्ही ऐकतो.

भावकीतले आणि गावातले बरेच जण इथं आहात. ते स्टेटस 24 तासांत गेलं, पण व्हिडिओ पुढं पाठवला गेलाय, दोन ग्रुपमध्ये मी स्वतः पाहिलाय. ज्याच्याकडे असेल त्यानं डिलीट करा. मला पाठवून 'हाच का' असं विचारू नका.