‘चारशेचा स्विच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ब्रेक स्विचचं, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक लाइट लावणाऱ्या स्विचचं, सर्किट कसं तपासावं या माझ्या लेखाखाली काल एका वाचकांची प्रतिक्रिया आली. त्यांचं म्हणणं असं : ‘स्विच चारशे रुपयांचा. कोड आला की बदलायचा आणि गाडी द्यायची. मीटर घेऊन दोन तास पेडलखाली आडवं पडणं हे जुन्या वायरमनचे उद्योग, त्याचे पैसे गिऱ्हाइकाला का लावता?’ पुढे तीन मुद्दे आहेत : माझ्या लेखात कोडचा (बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर दाखवतो त्या क्रमांकाचा) आकडा चुकलाय, टेस्ट लॅम्पनं (वायरीत करंट आहे का ते बघायच्या बल्बनं) ईसीयू, म्हणजे तो कॉम्प्युटर, उडेल आणि कंपन्यासुद्धा लाखांनी स्विच बदलून देतात.

आकडा चुकला, मान्य. स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात. पेडल दाबलं की एक जोडला जातो, दुसरा तुटतो. दोघांचं एकमेकांशी जुळलं नाही की पी०५०४ येतो. मी पी०५७१ लिहिलं होतं, तो एकाच सर्किटचा कोड. आपण दाखवून दिलंत, आभारी आहे.

पण ‘जुन्या वायरमनचे उद्योग’ हे शब्द मला लागले. मी १९९८ पासून कोल्हापुरात उद्यमनगरात हेच काम करतोय. पहिलं वर्षभर उस्तादांनी मला फक्त वायरी सोलायला आणि अर्थिंगचे बोल्ट पॉलिश पेपरनं घासायला लावलं. टेस्ट लॅम्प हातात द्यायला त्यांनी दिवाळी उजाडवली. तेव्हा राग यायचा. आज कळतं, की निम्मे बिघाड त्या बोल्टांपाशीच असतात. आपण सर्व्हिस सेंटरला बारा वर्षं असल्याचं लिहिलंय. असाल. पण मतभेद असेल तर मुद्द्यावर बोला, माणसाच्या वयावर आणि कामावर कशाला घसरता?

आता त्या चारशे रुपयांबद्दल. गेल्या पावसाळ्यानंतर रत्नागिरीहून एक कुटुंब गाडी घेऊन आलं. ब्रेक दाबून बटणानं स्टार्ट करायची गाडी, पण ब्रेक दाबूनही कधी स्टार्ट व्हायची, कधी नाही. कोड पी०५०४. त्याआधी दोन ठिकाणी दोन नवे स्विच बसवून झाले होते. प्रत्येक वेळी कोड पुसला की चार दिवस गाडी बरी आणि पुन्हा तेच. आंबा घाट चढताना मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारमारून त्यांना थांबवलं आणि सांगितलं, दादा, तुमचे ब्रेक लाइट दिसतच नाहीत. मागच्या सीटवर त्यांची दोन पोरं होती.

मी स्विचला हात लावला नाही. आधी सप्लायच्या वायरीवर व्होल्टेज बघितलं : १२.३. मीटर हातात घेणारे बरेच जण इथेच थांबतात, ‘सप्लाय ओके’ म्हणतात आणि स्विच मागवतात. पण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्याचा आतला रोध दहा मेगाओम असतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण बारा दाखवेल. म्हणून गॅरेजमधल्या पोराला पेडल दाबून धरायला सांगितलं. मागचे दोन २१ वॅटचे बल्ब पेटले की साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो. पेडल दाबलं आणि तोच आकडा सरळ सातवर आला. ईसीयूला एक कॉन्टॅक्ट सांगतोय ब्रेक दाबलाय, दुसऱ्याकडून अर्धंमुर्धं व्होल्टेज येतंय. त्यानं कोड टाकला नाही तर काय करावं?

मग ती वायर जिथून येते तिकडे माग काढत गेलो. डाव्या बाजूला, पाय ठेवतात तिथलं कार्पेट उचललं तर खालचा फोम ओला. तिथला कपलर, म्हणजे वायरींचा जोड, उघडला. एका पिनेवर हिरवट चुरा, आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक उष्णतेनं तपकिरी पडलेलं. समोरच्या काचेखालची पाणी जायची वाट पानांनी तुंबली होती, ते पाणी थेंबथेंब आत उतरत होतं. पानं काढली, पिना नव्या क्रिंप केल्या. पेडल दाबून पुन्हा मोजलं : ११.९. तक्रार घेऊन गाडी अजून परत आलेली नाही. दोन तास लागले, हो. त्याचे मी पैसे घेतले आणि घेणार. आधीच्या दोन स्विचचे, दोन मजुऱ्यांचे आणि रत्नागिरीहून मारलेल्या खेपांचे पैसे कुणी परत दिले त्यांना? गिऱ्हाइकाची काळजी तुम्ही मला शिकवू नका.

स्विच कधी जातच नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही. जातो. कधी पेडलवरचा छोटा प्लास्टिकचा स्टॉपर कुजून पडतो, स्विचचा दांडा त्या भोकातून आरपार जातो आणि ब्रेक लाइट रात्रभर जळून बॅटरी उतरते. तेव्हा मॅटवर पडलेले प्लास्टिकचे तुकडे बघितले तरी पुरतं. तिथेही स्विच चांगलाच असतो, हे लक्षात घ्या.

कंपन्यांचं म्हणाल तर २०१३ मध्ये ह्युंदाई आणि कियानं अमेरिकेत सोळा लाखांहून जास्त गाड्या ब्रेक लाइटच्या स्विचसाठी परत बोलावल्या, हे खरं. पण तिथे दोष स्विचमध्येच आहे हे ठरल्यावर तो बदलला. तुम्ही न तपासता बदलायला सांगताय.

टेस्ट लॅम्पचं म्हणाल तर सेन्सरच्या पाच व्होल्टच्या वायरीला तो लावू नये, हे मी गृहीत धरलं होतं. त्यावर वाद घालण्यात मला वेळ घालवायचा नाही.

कोडचा आकडा आज रात्री बदलतो. तुमच्याकडे स्विच बदलूनही परत आलेली एखादी गाडी असेल, तर कपलर न काढता त्याच्या मागच्या बाजूनं मीटरची पिन लावा, पेडल दाबून ठेवा आणि जो आकडा दिसेल तो इथे खाली लिहा.