लिंडा रॉनस्टॅट : गाणी दुसऱ्यांची, गळा त्यांचाच

रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये एक समज फार खोलवर रुजला आहे. स्वतः गाणे रचतो तो कलावंत आणि दुसऱ्याचे गाणे गातो तो नुसता गायक, असे मानले जाते. अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टॅट यांचे नाव निघाले की हा आक्षेप हमखास पुढे येतो, कारण त्यांनी स्वतः फारच थोडी गाणी लिहिली. मला तो कधीच पटलेला नाही, आणि त्याचे एक कारण माझे कोल्हापूर असावे. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेबांची गायकी ज्या गावात बहरली, तिथल्या जाणत्या श्रोत्याला बंदिश कोणाची आहे यापेक्षा ती मांडली कशी याची उत्सुकता अधिक असते. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, ती त्यांच्या गळ्यामुळे.

त्याच १९७७ साली रॉनस्टॅट यांचे ‘ब्लू बायू’ आले. मूळ गाणे रॉय ऑर्बिसन यांचे असून त्यांनीही ते अप्रतिम गायले आहे. रॉनस्टॅट मात्र पहिल्या ओळी इतक्या खाली, जवळजवळ बोलल्यासारख्या घेतात की पुढे काय येणार याचा अंदाजच लागत नाही. ध्रुवपदाला आवाज पूर्ण उघडतो, पण कुठेही फाटत नाही, आणि अखेरीस त्याच आवाजाला अगदी हलका करून त्या वरच्या स्वरावर नेऊन ठेवतात. ताकद पुष्कळ गळ्यांत असते. ती नेमकी कुठे राखून ठेवायची हे कळायला गाण्याची वेगळीच समज लागते, आणि माझ्या मते तीच त्यांची निर्मिती आहे.

या समजेच्या बळावर त्या कुठल्या कुठे गेल्या. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर त्यांनी ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीतिका, गायली, १९८३ साली नेल्सन रिडल यांच्या वाद्यवृंदासह जुनी अमेरिकन गीते गायली, आणि १९८७ साली ‘कान्सिओनेस दे मि पाद्रे’ हा मेक्सिकन गीतांचा संग्रह काढला. मेक्सिकन वंशाच्या वडिलांच्या घरात, ॲरिझोनातल्या टूसॉन इथे, लहानपणापासून कानावर पडलेली ही गाणी त्या ‘मारियाची’ या मेक्सिकन पारंपरिक वाद्यमेळाबरोबर ज्या मोकळ्या, ठाम आवाजात गातात, तो ऐकताना शब्द न कळताही मी थक्क होतो.

२००९ नंतर त्यांनी जाहीर मैफल केली नाही. आपल्याला पार्किन्सन झाल्याचे व आता गाता येत नसल्याचे त्यांनी २०१३ साली सांगितले. पुढे तो त्याच्याशी साम्य असलेला, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी नावाचा विकार असल्याचे निष्पन्न झाले. गळा साथ देईना तेव्हा त्या थांबल्या, जुन्या लौकिकावर मैफली रेटत बसल्या नाहीत, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर वाटतो. इतक्या कमावलेल्या आवाजाच्या वाट्याला हे यावे, याचे दुःख मात्र कमी होत नाही.

ज्यांनी त्यांना ऐकलेले नाही, त्यांनी १९७४चा ‘हार्ट लाइक अ व्हील’ हा अल्बम आधी ऐकावा, आणि तोही सलग. त्यातल्या दहा गाण्यांपैकी एकही त्यांनी लिहिलेले नाही, आणि एकही परके वाटत नाही.