आंबा तरंगला म्हणून तो कार्बाईडचा ठरत नाही

आंब्याचा हंगाम आला की तोच संदेश पुन्हा फोनमध्ये येऊन पडतो. मजकूर थोडक्यात असा: बाजारातले आंबे आणि केळी आता केमिकलने पिकवलेली असतात. इथिलीन काय नि कार्बाईड काय, दोन्ही विषच, त्याने कॅन्सर होतो. ओळखायचे कसे? बादलीभर पाण्यात आंबे सोडा. बुडेल तो नैसर्गिक, तरंगेल तो कार्बाईडचा. रंग एकसारखा पिवळा दिसला तर घेऊ नका. केळ्याचा देठ काळा असेल तर नैसर्गिक, हिरवा असेल तर केमिकल. फळ झाडावर पिकलेलेच खावे, पूर्वीचे लोक तसेच खात. आणि हो, द्राक्षे-डाळिंबेही अशीच पिकवतात.

यात एक गोष्ट खरी आहे: कार्बाईड वाईट आहे. बाकीचा मजकूर चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बादलीपासूनच सुरुवात करू, कारण घरोघरी ती चाचणी खरोखर केली जाते. आंबा बुडेल की तरंगेल हे त्याच्या घनतेवर ठरते. झाडावर फळ तयार होत जाते तसा त्याच्या गरात पिष्टमय पदार्थ साठतो आणि घनता वाढते. कोवळा हापूस पाण्यापेक्षा हलका असतो, चांगला तयार झालेला किंचित जड. फळाची तयारी जोखण्यासाठी संशोधक विशिष्ट घनता मोजतात, ती याचमुळे. म्हणजे बादलीत कळते ते एवढेच, की फळ झाडावरून काढले तेव्हा ते कितपत तयार होते. पुढे ते कशाने पिकवले, हे पाण्याला कळण्याचा काही मार्ग नाही.

कार्बाईड वापरणारा व्यापारी बहुधा घाईने काढलेला कोवळा माल घेतो, म्हणून अशा मालात तरंगणारी फळे जास्त निघू शकतात. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा त्यावरूनच नियम करून टाकला. पण नीट तयार झालेल्या फळाला कार्बाईड लावले तर ते फळ बुडेलच, आणि संदेश त्याला ‘नैसर्गिक’ ठरवेल. उलट, कोवळेपणी उतरवलेला आंबा गवताच्या आढीत कितीही निगुतीने पिकवला तरी तरंगेल आणि त्याच्यावर विषाचा शिक्का बसेल. ज्या चाचणीत विष सुटते आणि निर्दोष फळ अडकते, ती घरात करू नये असे मला ठामपणे वाटते.

यात हापूसच्या बागायतदाराची आणखी एक अडचण आहे. हापूसमध्ये साका होतो. वरून फळ देखणे, कापले की आत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. झाडावर पूर्ण भरू दिलेल्या फळात साक्याचे प्रमाण वाढते, म्हणून दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की हापूस चौदा आणे तयार झाला की काढावा, म्हणजे साधारण ८० ते ८५ टक्के तयारीला. ही शिफारस पाळणाऱ्याच्या पेटीतली काही फळे बुडतील, काही तरंगतील. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या केंद्रात तयार झालेली ‘रत्ना’ ही जात साकामुक्त आहे. पण लोकांना हवा हापूस, आणि हापूस हवा तर काढणीचे हे गणित सांभाळावेच लागते. शास्त्राप्रमाणे वागणाऱ्याचे फळ एका बादलीने बाद ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

आता सगळ्यात मोठा घोळ: इथिलीन आणि कार्बाईड एकच.

इथिलीन हा वायू फळ स्वतःच तयार करते. आंबा, केळी, पपई, चिकू, टोमॅटो ही फळे पिकायला लागली की आतून इथिलीन सोडतात, त्या इथिलीनने पिकणे आणखी वेगाने होते आणि आणखी इथिलीन तयार होते. पिकलेले फळ हा वायू सोडते, हे १९३४ साली रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवर सिद्ध केले. एक पिकलेला आंबा शेजारच्या चारांना पिकवतो ते यामुळेच. पिकवणीगृहात हाच वायू बाहेरून, मोजून दिला जातो. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ साली त्याला परवानगी दिली आणि मर्यादा घातली १०० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भाग हवेत शंभर भाग वायू. साधारण एक दिवस वायू दिला की फळाची स्वतःची यंत्रणा जागी होते आणि पुढचे काम फळच करते. कॅन्सरबद्दल म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने इथिलीनला तिसऱ्या गटात ठेवले आहे. माणसाला त्याने कर्करोग होतो असे वर्गीकरण करण्यापुरता पुरावा नाही, असा त्या गटाचा अर्थ.

कार्बाईड हे वेगळेच प्रकरण आहे. कॅल्शियम कार्बाईडचा खडा ओलाव्याला आला की ॲसिटिलीन वायू सुटतो. वेल्डिंगमध्ये वापरतात तोच. ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो, पण दुबळी. खरा धोका आहे तो भेसळीचा: बाजारात मिळणारे कार्बाईड कारखान्यांच्या वापराचे असते, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात आणि त्यांचे विषारी वायूही सोबत सुटतात. ते खडे हाताळणाऱ्या मजुराला हे आधी भोगावे लागते, खाणाऱ्याला नंतर. म्हणून २०११ च्या नियमांनी ॲसिटिलीनने, म्हणजेच कार्बाईडने पिकवलेली फळे विकायला देशभर बंदी आहे.

म्हणजे कार्बाईड हटवायचे तर त्याच्या जागी जे आणायचे, ते हे इथिलीनचे पिकवणीगृह आहे. तापमान राखणारी खोली, वायू मोजणारे यंत्र, साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायची सोय, या सगळ्याला पैसा लागतो. कर्ज काढून हे उभे करणाऱ्यालाही लोक ‘केमिकलवाला’ म्हणणार असतील, तर कार्बाईडच्या चार पुड्या टाकून मोकळा होणारा व्यापारी खूश राहतो, कारण त्याच्यात आणि प्रामाणिक माणसात ग्राहकाला फरकच दिसत नाही. या संदेशाचा मला राग येतो तो इथे.

इथिलीनलाही मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. झाडाने जो पिष्ट साठवलाच नाही त्याची साखर कोणताही वायू करू शकत नाही. कोवळा आंबा पिकवणीगृहात मऊ होईल, पिवळाही होईल, गोड होणार नाही. शिवाय काही ठिकाणी फळे इथेफॉनच्या, म्हणजे इथिलीन सोडणाऱ्या औषधाच्या, द्रावणात थेट बुडवतात. ते नियमात बसत नाही. इथेफॉनपासून निघणारा वायू चालतो, औषध फळाला लागलेले चालत नाही.

‘पूर्वी झाडावर पिकलेलेच खात’ हा मुद्दा कोकणातल्या कोणत्याही आजीसमोर टिकणार नाही. पाडाचा आंबा खात, नाही असे नाही, पण घरचा बहुतेक आंबा काढून आढीतच पिकवला जाई. भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर फळे ओळीने लावायची, वर पुन्हा पेंढा. त्या उबेत फळांचेच इथिलीन कोंडून राहते आणि आठवडा-दीड आठवड्यात घर घमघमते. केळी वखारीत धूर देऊन पिकवत, आणि धुरातही इथिलीन असतेच. केळी तर झाडावर पिकू द्यायचीच नसते. तिथे पिकलेल्या केळ्याची साल अनेकदा फुटते आणि गर पिठूळ लागतो.

एकसारख्या रंगाचे कारण साधे आहे. खोलीतल्या सगळ्या फळांना एकाच वेळी, एकाच तापमानात वायू मिळाला की ती एकाच वेळी रंग धरतात. केळ्यात तर तापमानाचाच खेळ आहे. आज जळगाव भागातून येणारी बहुतेक केळी कॅव्हेंडिश गटातली असतात, आणि या गटाच्या सालीतला हिरवेपणा साधारण २४-२५ अंशांच्या वर नीट जात नाही. मे महिन्याच्या उकाड्यात ती घरी पिकवा, आतून मऊ होतील पण साल हिरवटच राहील. सोनेरी पिवळी साल हवी तर खोली १६ ते १८ अंशांवर ठेवावी लागते. सुंदर पिवळे केळे पाहून विषाची शंका घेण्यापेक्षा खोली थंड होती एवढेच समजावे.

हिरव्या देठाचेही तेच. केळ्याच्या व्यापारात रंगाचे सात टप्पे मानतात आणि पाचव्या टप्प्यावर केळे पिवळे, टोके हिरवी असतात. दोन-तीन दिवस ठेवा, तोच देठ काळा पडेल. संदेशाच्या हिशोबाने केमिकलचे केळे ठेवून ठेवून नैसर्गिक होते!

द्राक्षे आणि डाळिंबांचा उल्लेख तर निव्वळ अज्ञान आहे. ही फळे तोडल्यावर पिकतच नाहीत. त्यांना इथिलीन देऊन गोडी वाढत नाही, म्हणून ती पिकवण्यासाठी तसे कुणी करत नाही.

मग ग्राहकाने करायचे काय? घरच्या घरी कार्बाईड पकडणारी भरवशाची चाचणी नाही. विक्रेत्याला विचारावे, माल कुठे पिकवला. वास घ्यावा. बाहेरून पिवळाधमक, पण आतून पांढरट, आंबट आणि बिनवासाचा आंबा निघाला तर त्या दुकानात पुन्हा जाऊ नये. त्याला कार्बाईड लावले असेल-नसेल, हापूसमधला साका नसेल तर कोवळा काढलेला तो बहुधा होता. फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. वरची भुकटी जाते, आत गेलेले जात नाही. पेटीत पुडी सापडली तर लगेच घाबरू नये, कारण फळाला न लागणाऱ्या इथिलीनच्या पुडीला परवानगी आहे. मात्र पुडीत करडे खडे किंवा चुन्यासारखी पांढरी राख असेल आणि लसणासारखा उग्र वास येत असेल, तर ती उघड्या हाताने धरू नये, पाणी लागू देऊ नये, फोटो काढून पेटी आणि पावतीसह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.