म्हणे, "सेमच आहे!"

"सेमच आहे ओ मॅडम, कंपनी फक्त वेगळी."

काल संध्याकाळी मेडिकलवाला हे बोलला आणि आज सकाळी मी दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये लेडीज डब्यात पोट आवळून उभी होते. चिठ्ठीवर डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, मेटफॉर्मिन ५०० एसआर. एसआर! म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी गोळी, साधी नव्हे. दोनच अक्षरं आहेत, तीही वाचायचे कष्ट नकोत? पट्टी कापून दहा गोळ्या दिल्या आणि नावाचा तुकडा राहिला त्याच्याच ड्रॉवरमध्ये. मी रात्री जेवणाबरोबर दोन घेतल्या. सकाळी ८.१४ पकडली आणि दहा मिनिटांत कळलं काय झालंय ते. हा मुरडा मला पाठ आहे. चार वर्षांपूर्वी साध्या मेटफॉर्मिनने पहिला महिनाभर हेच केलं होतं, म्हणून तर एसआरवर आणलं मला! पुढच्याच स्टेशनात उतरले. बायकांच्या शौचालयाला कुलूप. किल्ली कोणाकडे? माहीत नाही. पुलावरून पलीकडे जा. गेले मी, कशी गेले ते माझं मला माहीत. सेम म्हणे.

आणि हळू बोलायचं तरी! "शुगरची गोळी ना?" असं तो अख्ख्या रांगेला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडला. मागे आमच्याच मजल्यावरच्या काकू. "अगं बाई, एवढ्या वयात?" रात्री नऊच्या आत सासूबाईंचा फोन, लग्नाच्या वेळी का नाही सांगितलं म्हणून. मला डायबेटीस नाहीये. मला पीसीओएस आहे, ओव्हरी आणि हार्मोन्सचा बिघाड. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्तच तयार होतं, आणि ते वाढलेलं इन्शुलिन ओव्हरीला नको ती हार्मोन्स करायला लावतं. त्यातून पाळी तीन-तीन महिने गायब. मानेवरचा काळा पट्टाही त्या इन्शुलिनचाच. आईने लहानपणी मळ समजून उटण्याने घासघासून सोलवटून काढला होता तो. या चक्राला जरा तरी लगाम बसावा म्हणून ही गोळी आहे. गोळीच्या पत्रकात डायबेटीस छापलंय म्हणून प्रत्येक वेळी मी काउंटरवर जबानी द्यायची का?

आता आठवलंच आहे तर तेही सांगते. चार वर्षांत तीन डॉक्टर झाले. पहिल्या बाईंनी रिपोर्ट नीट उलगडलासुद्धा नाही. "दहा किलो कमी करा, मग या." अहो, ते कमी होत नाही म्हणूनच तर आले ना मी! दुसऱ्यांनी मेटफॉर्मिन वाढवत वाढवत १५०० वर नेली, पण या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं, ते अधूनमधून तपासायचं असतं, हे कोणी सांगायचं? पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा मला वाटलं लोकलमध्ये उभं राहून येतायत. रक्त तपासलं तर बी-१२ तळाला. तिसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा कंबर मोजली, ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहिली आणि मेटफॉर्मिनने वजन फार नाही उतरणार हे सरळ तोंडावर सांगितलं. कोणीतरी खरं बोललं म्हणून मी तिथेच रडले.

आणि ती वजन उतरवायची इंजेक्शनं. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आपल्याकडे आलं आणि जूनमध्ये वेगोव्ही, तेव्हापासून जो तो तज्ज्ञ झालाय. मी नुसतं विचारायला गेले तर चुलत नणंद म्हणते, "शॉर्टकट कशाला? चाल की रोज." रोज चालते मी! पाच वर्षं चालतेय! बीपीच्या गोळीला कोणी शॉर्टकट म्हणतं का? मौंजारो आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक कुपी ३५०० रुपयांना होती, आठवड्याला एक. महिन्याचे १४००० हा शॉर्टकट वाटतो यांना? बंद केलं की बऱ्याच जणींचं वजन परत चढतं, तेही सोसायचं.

पण खरी तिडीक त्या नाक्यावरच्या स्लिमिंगवाल्याची जाते डोक्यात. वजनकाट्यावर उभं केलं, फोटो काढला आणि थेट पॅकेज सांगायला सुरुवात. मी पाळीसाठी गर्भनिरोधक गोळ्या घेते का, एका शब्दाने विचारलं नाही. मौंजारो सुरू करताना आणि दर वेळी डोस वाढवला की चार आठवडे त्या गोळ्यांच्या भरवशावर राहायचं नसतं. आमच्यातल्या बऱ्याच जणी त्याच गोळ्यांवर असतात! आणि मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्हीतलं औषध, किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. हे मला तिसऱ्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. त्या दुकानात पैसे भरलेल्या बायकांना कोण सांगणार? वजन उतरलं की थांबलेली पाळी आणि अंडं दोन्ही मार्गाला लागू शकतात. एखादीला नको असताना दिवस गेले तर तो काटेवाला जबाबदारी घेणार आहे?

"लग्न झालं की होईल नीट" म्हणणाऱ्या आत्या आता "एक मूल झालं की होईल नीट" म्हणतात. मेथीदाणे, जिऱ्याचं पाणी, दालचिनी, सगळं करून झालंय माझं. कोणी माझी गोळी मात्र नीट वाचत नाही.

दहातल्या आठ उरल्यात. आत्ता पर्समध्ये आहेत, चिठ्ठीला स्टेपल करून ठेवल्यात. सात वाजता त्याच्या काउंटरवर ठेवणार, चिठ्ठीवरच्या एसआरवर बोट ठेवून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेणार, आणि अख्खी पट्टी घेणार, न कापलेली, बिलासकट. रांगेत काकू असल्या तर असू देत.