डोलमन बाह्यांच्या कॉर्डरॉय कोटाबद्दलच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार दिलेत आणि चार तक्रारी लिहिल्यात. 'सत्तरच्या दशकातला' म्हणून घेतलेल्या कोटाच्या लेबलवर चक्क वेबसाइटचा पत्ता निघाला. कोट कंबरेखाली अडकतो. रंग फोटोत मोरपंखी होता, हातात आला तो बाटलीहिरवा. आणि कुबट वास येतो. वर शेवटी एक वाक्य: तुमच्यासारख्या विक्रेत्यांमुळे हटके कपडा शोधायला बसलं की नुसता कचरा समोर येतो. हे वाक्य मला स्टारपेक्षा जास्त लागलं, म्हणून उत्तर जरा लांबतंय.

पहिली तक्रार शंभर टक्के खरी आहे. पत्ता डाव्या शिवणीत अडकवलेल्या छोट्या पट्टीच्या मागच्या बाजूला आहे. मी पुढची बाजू वाचली, उलटून पाहिलं नाही. खरं तर पुढच्या बाजूलाही इशारा होताच. तिथे अमेरिकेतला आरएन नोंदणी क्रमांक आहे, म्हणजे कोट तिथल्या बाजारासाठीचा, आणि धुण्याच्या सूचना शब्दांत नाहीत, नुसती चिन्हं आहेत: पाण्याचं घमेलं, त्रिकोण, इस्त्री. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांचं लेबल कपड्याला शिवणं 1972 पासून बंधनकारक झालं, पण शब्दांशिवाय नुसती चिन्हं चालू लागली ती 1997 मध्ये. म्हणजे पत्ता सापडला नसता तरी हा कोट सत्तरमधला नाही हे मला कळायला हवं होतं. रोज हेच काम करतो मी.

मग कळलं का नाही? कारण 'सत्तर' हा शब्द मी कोट बघून लिहिलाच नव्हता. लोक शोधपट्टीत काय टाकतात ते बघून लिहिला होता. शीर्षकात कोटाबद्दलचे खरे शब्द तीनच होते: कॉर्डरॉय, डोलमन बाह्या, लांब कोट. बाकी बोहो, हिप्पी, रेट्रो, सत्तर, विंटेज ही सगळी भरताड. ऑनलाइन बाजारांपैकी ई-बेवर शीर्षकाला 80 अक्षरं मिळतात, एट्सीवर 140, आणि रिकामी जागा दिसली की भरून टाकायची हा आम्हा विक्रेत्यांचा जुना रोग. अशा कपड्याला धड नाव नसतं, त्यामुळे विकणारा आणि शोधणारा दोघंही अंदाजानेच शब्द टाकत असतात. इथवर माझं समर्थन. मी मात्र अंदाज नाही, हाव लिहिली.

'विंटेज'बद्दलही सांगून टाकतो. एट्सीच्या नियमानुसार वस्तू किमान 20 वर्षं जुनी असेल तरच हा शब्द लावता येतो. हा कोट तेवढा जुना असेलही, पण माझ्याकडे पुरावा नाही. शब्द काढला.

मापाच्या बाबतीत मात्र मी पूर्ण माघार घेणार नाही. तुम्ही छातीचं माप बघितलंत: सपाट ठेवून 58 सेंटीमीटर, म्हणजे घेर 116. ऐसपैस वाटणारच. पण डोलमन बाहीला अंगाशी जोडणारी वेगळी शिवण नसते. बाही आणि अंग एकाच कापडात कापलेलं असतं आणि काख पार खाली उतरते. त्यामुळे काखेपासून काखेपर्यंतचं माप अशा कपड्यात जवळपास निरुपयोगी. वरून ढगळ आणि खाली निमुळता असा हा कट, त्यामुळे खरी अडचण नितंबांपाशी येते. ते माप वर्णनात दिलं होतं: सपाट 49, घेर 98. तुमच्या अंगचं माप 101 आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि कोट तर आतल्या कपड्यांवरून चढवायचा असतो. तो बसणं शक्यच नव्हतं. आता माझी बाजू पुन्हा लंगडी पडते ती अशी: हे माप त्या भरताडीच्या खाली, 'अधिक वाचा' दाबल्यावर दिसत होतं. यापुढे मापं पहिल्या ओळीत. तुम्हीही एक करा. अंगाची मापं घेऊन बसू नका. तुम्हाला नीट बसणारा कोट जमिनीवर पसरून मोजा आणि ते आकडे विक्रेत्याच्या आकड्यांशी ताडून बघा.

रंगाचं कारण कॉर्डरॉयची लव. ती एका दिशेने झोपलेली असते. एका टोकाकडून पाहिलं तर कापड उजळ दिसतं, दुसऱ्या टोकाकडून गडद. हातावर घेऊन वर-खाली फिरवा, दोन्ही रंग दिसतील. मी फोटो कोट जमिनीवर ठेवून, उजळ दिसणाऱ्या बाजूने काढले. फसवायचा हेतू नव्हता, पण अंगावर कोट तसा दिसत नाही, त्यामुळे फोटो चुकीचेच. नवे टांगून काढलेत.

वासाबद्दल काही म्हणणं नाही. दोन दिवस वारा दिला, पुरला नाही.

आता कचऱ्याबद्दल. तुमचा अभिप्राय आल्यावर दुकानातल्या सगळ्या नोंदी चाळल्या. 'सत्तर' आणखी अकरा ठिकाणी निघाला. एका स्कर्टवर अमेरिकेतल्या इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियनचं लाल-पांढरं-निळं लेबल आहे. तेवढ्यावर मी बिनधास्त दशक ठोकून दिलं होतं. पण ते लेबल 1974 ते 1995 या काळातलं, म्हणजे स्कर्ट नव्वदीतलाही असू शकतो. तिथूनही शब्द उडवला. अकरापैकी दोनच टिकले.

शोधताना तुम्ही दशकाचं नाव टाकता असं दिसतं. ते आधी सोडा. सगळ्यात जास्त खोटं त्याच शब्दात बोललं जातं. कट आणि कापड टाका. डोलमन टाकून झालं की बॅटविंग, म्हणजे वटवाघळाच्या पंखासारखी बाही, तेही टाका, अनेकांना त्यातला फरक माहीत नसतो. कॉर्डरॉयमध्ये रुंद रेघा हव्या असतील तर एका इंचात किती रेघा ते विचारा. आकडा जितका लहान तितकी रेघ रुंद. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह टाकलं की तो शब्द असलेल्या नोंदी गळतात. सगळीकडे चालत नाही, ई-बेवर चालतं. आणि कॉर्डरॉयचं इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम चुकवून बघा, एक आर कमी करून. ज्याला स्पेलिंग येत नाही त्याच्याकडची वस्तू इतरांच्या नजरेला पडलेली नसते. मला माझा बराच माल असाच मिळतो.

पैसे पूर्ण परत करतोय, परत पाठवण्याचा खर्चही माझ्याकडे. स्टार बदलायची गरज नाही. कोट पाठवताना आतल्या खिशातली राखीव बटणाची पुडी तेवढी तशीच राहू द्या. खालून दुसरं बटण सैल आहे, आणि तसलं बटण दुसरं मिळणार नाही.