कादंबरी की इतर?

गेल्या मंगळवारी मी आमच्या वाचनालयातून रिकाम्या हातांनी परत आलो. पुस्तक शिल्लक नव्हते असे नाही. ते माझ्या हातातच होते, परंतु त्यात लिहिलेले खरोखर घडले होते की नव्हते, हे मला छातीठोकपणे सांगता आले नाही, एवढाच माझा अपराध.

वीस वर्षे मी केवळ रहस्यकथा वाचत आलो आहे. आता तिसऱ्या प्रकरणातच खुनी ओळखू येऊ लागल्यामुळे यंदा नव्या कादंबऱ्या, आत्मकथने, प्रवासवर्णने असे सगळेच प्रकार चाखून पाहायचे, असे मी ठरवले. मात्र आमच्या वाचनालयात एका कार्डावर एक ‘कथा-कादंबरी’ आणि एक ‘इतर’ एवढीच पुस्तके मिळतात. माझ्या नावावर एक रहस्यकथा आधीच होती, कारण सवय अशी एका दिवसात सुटत नाही. त्यामुळे मला ‘इतर’ घेणे भाग होते, आणि नव्याने दाखल झालेल्या ज्या पुस्तकावर माझे मन बसले, त्याच्या मुखपृष्ठावर नेमके ‘आत्मपर कादंबरी’ असे छापलेले होते.

देवघेवीच्या खिडकीतल्या बाईंनी ते वाचले आणि पुस्तक माझ्याकडे सरकवले. “कादंबरी आहे. तुमची एक कादंबरी बाकी आहे.”

“पण आत्मपर आहे,” मी म्हणालो. “लेखकाने स्वतःविषयीच लिहिले आहे.”

“मग सरळ आत्मचरित्र का नाही म्हणाला?” लेखकाच्या या लपवाछपवीत माझाही हात असावा, अशा नजरेने त्यांनी मला विचारले. “हे झालेलं आहे का, एवढंच सांगा. झालेलं असेल तर इतरमध्ये लिहिते.”

मी गप्प राहिलो, आणि तेवढ्यात वर्तमानपत्रांच्या टेबलावरून एक काका उठले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज सकाळी सर्वांच्या आधी येऊन पंख्याखालची खुर्ची अडवून बसतात. माझ्या मागे उभ्या असलेल्या तिघांना त्यांनी हातानेच थांबवले, चष्मा पुसला आणि “एक मिनिटात निकाल लावतो” असे म्हणून पुस्तक मधूनच उघडले. ते मिनिट पंचवीस मिनिटे चालले.

“हे बघा,” ते म्हणाले. “साल १९७२. गाव तासगावच्या बाजूचं. आणि हा गृहस्थ काय लिहितो, तर आषाढात आईला पोचवायला निघालो तेव्हा मुसळधार पाऊस सुरू झाला. बहात्तरच्या आषाढात? अहो, अख्खा जिल्हा आभाळाकडे बघत बसला होता! कादंबरी. लिहा बाई, कादंबरी.”

बाईंनी पेन उचलले. मी धीर करून म्हणालो की, माणसाच्या मनात पाऊस पडू शकतो. काकांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की, मनात पडलेल्या पावसाने किती धरणे भरली, हा प्रश्न त्यांना तोंडाने विचारावाच लागला नाही.

पण चार पाने उलटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. पुस्तकातला मुलगा दुष्काळी कामावर आईशेजारी बसून खडी फोडत होता आणि दुपारी वाटलेली सुकडी मुठीत धरून एकेक चिमूट खात होता, म्हणजे ती लवकर संपू नये. काकांनी तो उतारा दोनदा वाचला. “हे खाल्ल्याशिवाय लिहिता येत नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “थांबा बाई. खोडा ते.”

बाईंनी ते खोडले नाही. दाखल नोंदवहीत खाडाखोड केली तर तपासणीत विचारतात, असे त्या म्हणाल्या, आणि तेही खरेच असणार.

या साऱ्या गोंधळात मला आमच्या कपाटांचीच अधिक चीड आली. तासगावच्याच सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याने आपल्याला व्यंकटेश माडगूळकर दिले आणि शंकरराव खरातही दिले. १९८३ साली अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर होते आणि लगेच पुढच्या, १९८४ च्या जळगावच्या संमेलनाचे खरात. आमच्याकडे मात्र हे दोघे दोन भिंतींना आहेत. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दुष्काळाने ओस पडते ती कादंबऱ्यांच्या कपाटात, आणि खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’मधली भूक आत्मचरित्रांच्या, मध्ये पाककृतींचे कपाट. एकाच मातीतली ही पुस्तके शेजारी ठेवली असती, तर माझ्यासारख्या रहस्यकथेच्या व्यसनी माणसाला एकावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट आपोआप सापडली असती. ज्या पुस्तकाला पुष्कळ जण मराठीतील पहिली कादंबरी मानतात, ते १८५७ चे ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या हालअपेष्टांविषयी आहे. आमच्याकडे ते प्रवासवर्णनांत, नर्मदा परिक्रमेला खेटून उभे आहे. ज्याने ते तेथे ठेवले, त्याने यमुना ही नायिका नसून नदी असल्याचे गृहीत धरले असावे. वर्गणी मात्र सर्व प्रकारांसाठी एकच घेतात आणि ती दर वर्षी वाढते.

अखेरीस बाईंनी तोडगा काढला. वर्गवारीचा निर्णय होईपर्यंत पुस्तक संदर्भ विभागात राहील, म्हणजे ते घरी नेता येणार नाही, येथेच बसून वाचावे लागेल. मागच्या तिघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकांनी पुस्तक बगलेत मारले आणि ते पंख्याखाली गेले.

मी काल पुन्हा गेलो होतो. काका एकशे चाळिसाव्या पानावर आहेत आणि मला पाहताच त्यांनी मी न विचारता सांगितले की, आई शेवटी जाते. ते जेवायला उठले तेव्हा मी पुस्तक ओढून घेतले. आषाढातल्या त्या पानाच्या समासात बारीक, सरकारी अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते : ‘पाऊस नव्हता. ढग होते.’